पन्नास दिवसांचा पगार

२९ मार्च २०२० रोजी केंद्रीय गृह मंत्रालयाने एक आदेश काढला. टाळेबंदीत कारखाना, दुकान, कार्यालय बंद असले तरी मालकाने कामगाराला ठरलेल्या तारखेला, कसलीही कपात न करता पूर्ण पगार द्यावा, असे त्यात म्हटले होते. काही मालक न्यायालयात गेले. ३० एप्रिलला मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने कामगारांना दिलासा दिला. ‘काम नाही तर दाम नाही’ हे तत्त्व अशा असाधारण परिस्थितीत सरसकट लावता येणार नाही, असे प्रथमदर्शनी मत न्या. रवींद्र घुगे यांनी नोंदवले आणि प्रवास व जेवणाचा भत्ता वगळून पगार द्यायला सांगितले. पुढे १८ मेपासून केंद्राने तो आदेशच मागे घेतला. १२ जूनला सर्वोच्च न्यायालय म्हणाले, की पगार न देणाऱ्या मालकांवर तूर्त सक्तीची कारवाई नको. त्या पन्नास दिवसांच्या पगाराबद्दल मालक आणि कामगारांनी आपसात वाटाघाटी कराव्यात, न जमल्यास कामगार खात्याकडे जावे.

वाटाघाटीला दोन बाजू समोरासमोर बसाव्या लागतात. जूनपर्यंत त्यातली एक बाजू गावी पोचली होती. कोणी श्रमिक रेल्वेने, कोणी ट्रकच्या टपावरून, कोणी पायी. ज्याच्या हातात नेमणुकीचे पत्र नव्हते, ज्याचे नाव कंपनीच्या मस्टरवर नसून कंत्राटदाराच्या वहीत होते, तो वाटाघाट कोणाशी करणार होता?

महामारीनंतर नोकरदारांची वृत्ती बदलली, असे गेली काही वर्षे सतत ऐकू येते. तक्रारीचा सूर ठरलेला आहे. पोरांना कष्ट नकोत, कोणी वर्षभर टिकत नाही, सहा वाजले की लॅपटॉप बंद, निष्ठा म्हणून काही उरली नाही. वृत्ती बदलली हे खरे आहे. पण आळस हे त्याचे कारण मला पटत नाही. महामारीच्या काळात इथल्या माणसांनी जेवढे काम उपसले, तेवढे एरवी क्वचितच उपसले असेल. बदल झाला तो विश्वासात. आपण कंपनीला धरून राहिलो तर अडचणीच्या वेळी कंपनी आपल्याला धरून राहील, हे नोकरीतले न लिहिलेले वचन होते. २०२० आणि २०२१ या दोन वर्षांत ते वचन तपासून पाहायची वेळ प्रत्येकावर आली, आणि बहुतेकांना ते एकतर्फी निघालेले दिसले. धडा सगळ्यांना एकच मिळाला. त्याप्रमाणे वागण्याची ताकद मात्र सगळ्यांकडे सारखी नव्हती. पुढची सगळी गोष्ट या तफावतीची आहे.

प्लेगच्या मुंबईत

साथीने मालक आणि मजूर यांच्या नात्याला हादरा देण्याची ही पहिली वेळ नाही. सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस या गोवेकर डॉक्टरांनी ब्युबॉनिक प्लेगचे निदान केले. त्यानंतरच्या काही महिन्यांत आठ लाखांच्या आसपास वस्तीचे हे शहर निम्मे रिकामे झाले. कोकणातला, घाटावरचा गिरणी कामगार कुटुंब घेऊन गावी गेला. कापूस होता, यंत्रे होती, मागणी होती. साचे चालवायला माणसे नव्हती.

तोवर गिरण्यांत पगार महिन्याने आणि तोही मागे ठेवून देण्याची रीत होती. कामगाराची काही आठवड्यांची कमाई मालकाकडे अडकलेली असे, त्यामुळे तो सहज सोडून जाऊ शकत नसे. प्लेगच्या दिवसांत जे कामगार शहरात उरले, त्यांनी रोजचा पगार रोज मागायला सुरुवात केली. उद्या आपण जिवंत असू की नाही याची खात्री नसलेला माणूस महिनाअखेरीची वाट का पाहील? एका गिरणीचा जॉबर, म्हणजे मजूर भरती करणारा मुकादम, दुसरीची माणसे पळवू लागला, नाक्यानाक्यांवर मजुरीच्या बोली लागल्या. गिरणीमालकांच्या संघटनेने ही पद्धत मोडायचा प्रयत्न केला आणि साथ ओसरली तशी जुनी घडी बऱ्याच अंशी परत बसवली.

त्या वेळीही मालकांची तक्रार होती की मजूर बेशिस्त झाला आहे. आज मागे वळून पाहिले तर त्याची मागणी किती साधी होती हे कळते. घामाचे मोल उधार ठेवू नका, एवढेच तो म्हणत होता. सव्वाशे वर्षांनी आलेल्या साथीत कामगारांनी वेगवेगळ्या शब्दांत हेच म्हटले. फरक एवढाच की या वेळी काहींना नाक्यावर यावे लागले नाही. त्यांची बोली लिंक्डइनवर लागली.

हिंजवडीतली उलथापालथ

मार्च २०२० पर्यंत घरून काम ही सवलत होती. वरिष्ठाची मेहेरबानी असेल, मूल आजारी असेल, तर एखादा दिवस मिळे. दूरसंचार खात्याचे नियमही आड येत. कॉल सेंटर किंवा बीपीओच्या कर्मचाऱ्याला घरी बसवायचे तर कंपन्यांना अनामत रकमेसह अनेक अटी पाळाव्या लागत. टाळेबंदी लागताच हे नियम तात्पुरते शिथिल झाले आणि नोव्हेंबर २०२० मध्ये त्यातल्या बहुतेक अटी काढूनच टाकल्या गेल्या. जे वर्षानुवर्षे अशक्य म्हणून सांगितले जात होते, ते काही आठवड्यांत घडले. हिंजवडी, खराडी, ऐरोलीतले संगणक टेम्पोत घालून घरोघर पोचवले गेले. एप्रिल २०२० मध्ये टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेसने जाहीर केले, की २०२५ पर्यंत कोणत्याही वेळी केवळ २५ टक्के कर्मचारी कार्यालयात असले तरी काम भागेल.

या घोषणेचा कर्मचाऱ्यांनी सरळ अर्थ घेतला. काम होते आहे, ग्राहक समाधानी आहे, म्हणजे रोजचे तीन तास हिंजवडीच्या वाहतुकीत घालवणे ही कधीच कामाची गरज नव्हती. हा साक्षात्कार फार खोलवर गेला. लातूर, सांगली, अकोल्यात आईवडिलांजवळ राहून परदेशी प्रकल्प चालवता येतो, हे एका पिढीने अनुभवले. पुण्यातले भाडे वाचले. मुलाची पहिली पावले बघता आली. त्याच वेळी याच घरांतून रात्री ऑक्सिजनच्या खाटेसाठी फोन फिरत होते आणि सकाळी नऊला कॅमेरा सुरू करून स्टँडअप कॉलला हजर राहावे लागत होते. एप्रिल–मे २०२१ मध्ये आपल्या माणसाला निरोप देऊन आठवड्याभरात पुन्हा लॉगिन केलेली माणसे प्रत्येक टीममध्ये होती. ‘काळजी घे’ म्हणणारा मॅनेजर आणि ‘डिलिव्हरी कधी’ विचारणारा मॅनेजर यांतला फरक त्यांनी मनात नोंदवून ठेवला.

त्या नोंदींचा हिशेब २०२१ आणि २०२२ मध्ये चुकता झाला. जगभर डिजिटल कामाची मागणी वाढली होती, माणसे अपुरी होती. इन्फोसिसमध्ये नोकरी सोडणाऱ्यांचे वार्षिक प्रमाण जून २०२२ च्या तिमाहीअखेर २८.४ टक्क्यांवर पोचले. तुलनेने स्थिर मानल्या जाणाऱ्या टीसीएसमध्येही ते त्याच वर्षी २१ टक्क्यांच्या वर गेले. नव्वद दिवसांच्या नोटीस पिरियडमध्ये एकाच माणसाच्या हातात तीन-चार ऑफर लेटर असत. अमेरिकेत २०२१ या एका वर्षात पावणेपाच कोटींच्या आसपास राजीनामे नोंदले गेले. पण तिथली लाट आणि इथली लाट यांत एक फरक लक्षात घ्यायला हवा. अमेरिकेत हॉटेले, दुकाने, रुग्णालये यांतली कमी पगाराची माणसेही मोठ्या संख्येने नोकरी सोडत होती. आपल्याकडे ही ऐपत प्रामुख्याने कौशल्य असलेल्या आणि इंग्रजी येणाऱ्या थरापुरती राहिली.

ऑगस्ट २०२२ मध्ये विप्रोचे अध्यक्ष रिशद प्रेमजी यांनी नोकरीबरोबर दुसऱ्या कंपनीचे काम करण्याला फसवणूक म्हटले आणि महिन्याभरात तीनशे कर्मचाऱ्यांना काढल्याचे सांगितले. त्याच सुमारास स्विगीने मात्र फावल्या वेळात दुसरे काम करायला रीतसर परवानगी देणारे धोरण आणले. प्रतिस्पर्धी कंपनीचे काम लपून करणे गैर आहे, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. तरीही तरुण कर्मचाऱ्यांनी विचारलेला प्रश्न उडवून लावता येत नाही. सुरुवातीचा पगार वर्षाला साडेतीन-चार लाखांच्या आसपास दशकभर तिथेच खिळलेला असताना कंपनी माणसाच्या आठ तासांची मालक की चोवीस तासांची?

घरून कामाने सगळ्यांचे भले झाले असेही नाही. २०२० आणि २०२१ मध्ये पदवी घेऊन थेट खोलीतल्या पलंगावरून नोकरी सुरू केलेल्या मुलामुलींनी शेजारी बसलेल्या ज्येष्ठाला काम करताना पाहिलेच नाही. चूक सापडल्यावर तो काय करतो, ग्राहकाचा आवाज चढला की कसा बोलतो, कुठे नाही म्हणतो, हे सारे शेजारी बसूनच उचलले जाते. कामाचा संस्कार असाच पुढे जातो, आणि या तुकडीला तो उशिरा मिळाला. शिवाय एकाच्या सोयीने दुसऱ्याचे पोट मारले गेले. मुंबईत सुमारे पाच हजार डबेवाले रोज दोन लाखांच्या आसपास डबे पोचवत. २० मार्च २०२० पासून त्यांचे काम थांबले, बरेचजण मावळ, मुळशी, खेड, जुन्नरला परतले. लोकल सुरू झाल्या तरी ऑफिसे पूर्वीसारखी भरली नाहीत आणि डबेवाल्यांची संख्या पूर्वपदावर आली नाही.

मग वारे फिरले. ऑक्टोबर २०२३ पासून टीसीएसने पाचही दिवस कार्यालयात बोलावले आणि पुढे कामगिरीवरचा बदलता पगार हजेरीशी जोडला. ज्या २०२५ सालासाठी पंचवीस टक्क्यांचे स्वप्न दाखवले होते, त्याच वर्षी जुलैमध्ये कंपनीने सुमारे दोन टक्के, म्हणजे बारा हजारांवर माणसे कमी करण्याचे जाहीर केले. स्टॅनफर्डचे अर्थतज्ज्ञ निकोलस ब्लूम आणि सहकाऱ्यांनी ट्रिप डॉट कॉम या चिनी कंपनीच्या १,६१२ कर्मचाऱ्यांवर केलेला प्रयोग २०२४ मध्ये ‘नेचर’मध्ये प्रसिद्ध झाला. आठवड्यातले दोन दिवस घरून काम करणाऱ्यांच्या कामगिरीत घट दिसली नाही, आणि नोकरी सोडण्याचे प्रमाण एक तृतीयांशाने घटले. असा पुरावा हाताशी असताना सरसकट पाच दिवसांची सक्ती होते, तेव्हा कर्मचाऱ्याला त्यात उत्पादकतेपेक्षा हुकूमच जास्त दिसतो. हजेरीपुरते जायचे, कार्ड टेकवायचे, पाट्या टाकायच्या आणि संध्याकाळी बायोडेटा अद्ययावत करायचा, ही वृत्ती अशा सक्तीतून येते.

ज्यांना राजीनामाही देता आला नाही

जालन्यातल्या एका पोलाद कारखान्यातले मजूर ७ मे २०२० च्या संध्याकाळी रुळांच्या कडेने निघाले. मध्य प्रदेशातल्या गावी नेणारी गाडी भुसावळहून मिळेल अशी त्यांना आशा होती. करमाडजवळ थकून रुळांवरच झोपलेल्या सोळा जणांचा ८ मेच्या पहाटे मालगाडीखाली मृत्यू झाला.

त्यांनी राजीनामा दिलेला नव्हता आणि त्यांना कोणी काढूनही टाकले नव्हते. महाराष्ट्रातल्या औद्योगिक पट्ट्यांत अशी लाखो माणसे आहेत. चाकण, रांजणगाव, वाळूज, बुटीबोरीत एकाच असेंब्ली लाइनवर परमनंट, कंत्राटी आणि ट्रेनी असे तिघे एकच स्पॅनर फिरवतात आणि तीन वेगळे पगार घेतात. टाळेबंदीत आधी कोणाचे काम जाणार, हे या उतरंडीने आधीच ठरवलेले होते. अझीम प्रेमजी विद्यापीठाच्या २०२१ च्या अहवालानुसार एप्रिल–मे २०२० मध्ये देशातल्या सुमारे दहा कोटी लोकांचे काम गेले.

गावाने त्यांना सामावून घेतले. देशाच्या एकूण रोजगारात शेतीचा वाटा २०१८-१९ मध्ये ४२.५ टक्के होता, तो २०२०-२१ मध्ये ४६.५ टक्क्यांवर गेला. कारखानदारी वाढवू पाहणाऱ्या देशात माणसे पुन्हा शेताकडे गेली, आणि हे प्रमाण नंतरही फारसे खाली आले नाही. त्याच वर्षी ‘मनरेगा’वर एक लाख अकरा हजार कोटी रुपये खर्च झाले, साडेसात कोटी कुटुंबांनी त्यावर काम मागितले आणि मिळवले. १९७२ च्या दुष्काळात महाराष्ट्राने वि. स. पागे यांच्या कल्पनेतून रोजगार हमी उभी केली होती. पन्नास वर्षांनी तिच्याच देशव्यापी अवताराने शहरांनी हाकललेल्या माणसाला तगवले.

परत आलेला मजूर पूर्वीचा राहिला नाही, हे कंत्राटदारही सांगतात. तो आधी उचल मागतो, खोलीचे काय ते विचारतो, हप्त्याला पैसे मागतो, सणाला गावी जाणार हे बजावून ठेवतो. याला ‘मजूर माजलेत’ असे म्हटले जाते. मला यात शहाणपण दिसते. रस्त्यावर दोन आठवडे चाललेल्या माणसाने पुढच्या वेळेसाठी हातात रोकड ठेवायचे ठरवले, तर ते चूक कसे? अनेक तरुणांनी कारखान्याची वाटच सोडली आणि मोटारसायकलवर पार्सलची पिशवी घेतली. निती आयोगाच्या अंदाजानुसार २०२०-२१ मध्ये देशात ७७ लाख गिग कामगार होते आणि २०२९-३० पर्यंत ते २ कोटी ३५ लाख होतील. सुपरवायझरची शिवी ऐकावी लागत नाही, हे त्यातले मोठे आकर्षण. तिथे ॲप शिवी देत नाही, आयडी बंद करते, हे नंतर कळते.

स्त्रियांच्या वाट्याला आलेला बदल याहून गुंतागुंतीचा आहे. अझीम प्रेमजी विद्यापीठाच्या त्याच अहवालाने नोकरदारांचा माग ठेवला. २०२० मध्ये काम गमावून वर्षअखेरीपर्यंत परतू न शकलेले पुरुष सात टक्के होते, स्त्रिया सत्तेचाळीस टक्के. घरकाम करणाऱ्या बायकांना सोसायट्यांची फाटके महिनोन्‌महिने बंद राहिली. काही घरांनी घरबसल्या पगार दिला, अनेकांनी दिला नाही, आणि कोणी दिला नाही हे त्या विसरलेल्या नाहीत. पुढे स्त्रियांचा श्रमबाजारातला सहभाग झपाट्याने वाढला. २०१७-१८ मधल्या २३.३ टक्क्यांवरून तो २०२३-२४ मध्ये ४१.७ टक्क्यांवर गेला. पण यातली मोठी भर घरच्या शेतातल्या बिनपगारी मदतीची आणि स्वयंरोजगाराची आहे. बाई कामाला लागली, पण पगाराचे पाकीट प्रत्येकीच्या हातात आलेले नाही.

टाळ्यांनंतर

२२ मार्च २०२० च्या संध्याकाळी देशाने टाळ्या आणि थाळ्या वाजवल्या. ज्यांच्यासाठी त्या वाजल्या, त्यांत महाराष्ट्रातल्या सुमारे सत्तर हजार आशा आरोग्य कार्यकर्त्या होत्या. आशा ही सरकारच्या लेखी कर्मचारी नाही, स्वयंसेविका आहे. तिला वेतन मिळत नाही, कामागणिक मोबदला मिळतो. सप्टेंबर २०२० मध्ये ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ मोहीम सुरू झाली तेव्हा ऑक्सिमीटर आणि तापमापी घेऊन ती दारोदार फिरली. लोक दार लावून घेत, कधी अंगावर येत. घरी परतल्यावर तिच्याच घरचे तिला ओसरीवर थांबवत.

१५ जून २०२१ रोजी, दुसरी लाट नुकती ओसरत असताना, या सत्तर हजार बायका संपावर गेल्या. आठवडाभराने शासनाने महिन्याला हजार रुपये वाढ आणि पाचशे रुपये कोविड भत्ता मान्य केला. मे २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने भारतातल्या आशांना जागतिक आरोग्य नेतृत्वाचा पुरस्कार दिला. पण सन्मानाने चूल पेटत नाही, हे त्यांना पक्के कळले होते. २०२३ च्या शेवटी पुन्हा संप, मग फेब्रुवारी २०२४ मध्ये आझाद मैदानावर मुक्काम, आणि मार्च २०२४ मध्ये पाच हजारांची वाढ. ज्या बाईला २०१९ मध्ये प्राथमिक आरोग्य केंद्राच्या डॉक्टरसमोर खुर्चीवर बसायला संकोच वाटे, ती पाच वर्षांत मुंबईच्या मैदानात मंत्र्याला प्रश्न विचारू लागली. महामारीने कामाकडे पाहण्याची वृत्ती बदलली याचे याहून ठळक उदाहरण मला महाराष्ट्रात दुसरे दिसत नाही. तिने काम कमी केले नाही. आपले काम हे काम आहे, उपकार नाही, हे तिने सगळ्यांना मान्य करायला लावले.

एसटीची गोष्ट शेवटी कडू झाली. टाळेबंदीत एसटीच्या चालक-वाहकांनी परप्रांतीय मजुरांना राज्याच्या सीमेपर्यंत सोडले, लोकल बंद असताना मुंबईत परिचारिका आणि सफाई कामगारांची ने-आण केली. महामंडळाचे उत्पन्न आटले तसे त्यांचे पगार महिनोन्‌महिने रखडले. काहींनी जीव दिला. ऑक्टोबर २०२१ च्या अखेरीस सुरू झालेला संप शासनात विलीनीकरणाच्या मागणीवर सुमारे साडेपाच महिने चालला. नोव्हेंबरमध्ये मूळ वेतनात अडीच ते पाच हजारांची वाढ देऊनही बरेच कर्मचारी परतले नाहीत. अखेर एप्रिल २०२२ मध्ये उच्च न्यायालयाने २२ तारखेपर्यंत कामावर रुजू होण्यास सांगितले. विलीनीकरण झाले नाही. या काळात खेड्यातल्या शाळकरी मुलींचे आणि म्हाताऱ्यांचे अतोनात हाल झाले, आणि त्याची जबाबदारी संप करणाऱ्यांनाही टाळता येणार नाही. पण पगारवाढ हातात असताना माणूस विलीनीकरणासाठी का अडून बसतो, हे समजून घ्यायला हवे. वाढीव रकमेपेक्षा पगार दर महिन्याला होईलच, ही हमी त्याला जास्त मोलाची वाटत होती.

हमीच्या शोधात

ही हमी पुढे सगळीकडे शोधली जाऊ लागली. ११ मार्च २०२१ रोजी राज्य लोकसेवा आयोगाची पूर्वपरीक्षा तीन दिवसांवर असताना पुढे ढकलली गेली, तेव्हा पुण्यात हजारो मुले रस्त्यावर उतरली. खोलीभाडे, खानावळ, अभ्यासिकेचे पैसे आणि निघून जाणारे वय यांचा ताण त्या एका दुपारी बाहेर पडला. २०२३ मध्ये तलाठ्याच्या ४,६४४ जागांसाठी दहा लाखांहून अधिक अर्ज आले. २०२४ च्या पोलीस भरतीत १७,४७१ जागांसाठी साडेसतरा लाखांहून जास्त. अर्ज करणाऱ्यांत अभियंते होते, एमबीए झालेले होते.

सरकारी नोकरीची ओढ मराठी घरांना नवी नाही. पण खासगी नोकरी करून पाहिलेला मुलगा तिकडून परत फिरून तलाठ्याचा अर्ज भरतो, तेव्हा त्याने दोन्ही बाजू तोलून निर्णय घेतलेला असतो. मार्च २०२३ मध्ये ‘एकच मिशन, जुनी पेन्शन’ म्हणत राज्यातले लाखो सरकारी कर्मचारी आणि शिक्षक आठवडाभर संपावर होते. कंपनीतला अभियंता नोकरी बदलत होता आणि सरकारी लिपिक पेन्शन मागत होता. उद्याबद्दलची धास्ती दोघांची एकच होती. पहिल्याने आपली सुरक्षितता खिशात ठेवायचे ठरवले, दुसऱ्याने ती कायद्यात मागितली.

तासांचा वाद

ऑक्टोबर २०२३ मध्ये इन्फोसिसचे संस्थापक नारायण मूर्ती यांनी तरुणांनी आठवड्याला सत्तर तास काम करावे असे म्हटले. जानेवारी २०२५ मध्ये लार्सन अँड टुब्रोचे अध्यक्ष एस. एन. सुब्रह्मण्यन नव्वद तासांपर्यंत गेले. मधल्या काळात, जुलै २०२४ मध्ये, पुण्यात एका जागतिक लेखापरीक्षण संस्थेत लागून चार महिने झालेली सव्वीस वर्षांची सनदी लेखापाल मुलगी गेली. कामाच्या ताणाने तिला पोखरले, असे तिच्या आईने संस्थेच्या प्रमुखांना लिहिलेल्या पत्रात म्हटले. संस्थेने हा आरोप मान्य केला नाही. पण ते पत्र देशभरातल्या हजारो घरांत वाचले गेले आणि आईबापांनी मुलांना फोन करून विचारले, तू जेवतेस ना, झोपतोस ना?

दोन पिढ्यांचा संवाद इथे उलटला. पूर्वी नोकरी सोडू नकोस म्हणून बजावणारे वडील आता तब्येत सांभाळ, नोकरी दुसरी मिळेल म्हणू लागले. अवघ्या पाच वर्षांत मध्यमवर्गीय मराठी घरातली ही शिकवण बदलली, आणि ती बदलायला दुसऱ्या लाटेतले मृत्यू कारण झाले.

कायदा कुठे चालला आहे? महामारीत गुजरात सरकारने कारखान्यांत बारा तासांची पाळी आणि जादा तासांना दुपटीऐवजी साधाच दर अशी मुभा दिली होती. १ ऑक्टोबर २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयात न्या. धनंजय चंद्रचूड यांच्या अध्यक्षतेखालील खंडपीठाने ती रद्द केली. आर्थिक मंदीचा भार कामगाराच्या पाठीवर टाकता येणार नाही, हे त्या निकालाचे सार. सप्टेंबर २०२५ मध्ये महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळाने कारखान्यांतली दैनंदिन मर्यादा नऊवरून बारा तासांवर आणि दुकाने-आस्थापनांतली नऊवरून दहावर नेण्यास मंजुरी दिली. आठवड्याची मर्यादा अठ्ठेचाळीस तासच, आणि जादा कामाला कामगाराची लेखी संमती हवी, असे शासन सांगते. मात्र कंत्राटदाराच्या वहीतला माणूस संमती नाकारून दुसऱ्या दिवशी गेटच्या आत येऊ शकेल का, याचे उत्तर कायद्याच्या कलमात सापडत नाही. कामाच्या वेळेनंतर फोन न उचलण्याचा हक्क देणारे सुप्रिया सुळे यांचे खासगी विधेयक २०१८ मध्ये लोकसभेत आले होते, २०२५ च्या डिसेंबरात पुन्हा आले. १९७० नंतर संसदेत एकही खासगी विधेयक मंजूर झालेले नाही. फ्रान्सने हा हक्क २०१७ मध्येच दिला.

बोनसची वाट

दिवाळी आली की बोनसची चर्चा होते. आज बोनस हा कामगाराचा कायदेशीर हक्क आहे. पण शंभर वर्षांपूर्वी तो मालकाची खुशी होता. पहिल्या महायुद्धाच्या नफ्यातून मुंबईच्या गिरणीमालकांनी बोनस द्यायला सुरुवात केली, काही वर्षांनी तो थांबवला, आणि १९२४ च्या सुरुवातीला दीड लाखांच्या आसपास गिरणी कामगार संपावर गेले. चौकशी समितीने सांगितले की बोनसवर कामगारांचा अमलात आणता येईल असा हक्क नाही. संप हरला. तरी मागणी मेली नाही. चार दशकांच्या लवाद, निवाडे आणि लढ्यांनंतर १९६५ मध्ये बोनस कायदा झाला, आणि जे मालकाच्या मर्जीवर होते ते हिशेबाच्या वहीत आले.

निष्ठेचेही असेच करावे लागेल. कर्मचाऱ्याने जीव ओतून काम करावे अशी अपेक्षा असेल, तर त्याच्या बदल्यात काय मिळणार हे आता कोणाच्या चांगुलपणावर सोडून चालणार नाही. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार श्रमसंहिता लागू झाल्या. प्रत्येक कामगाराला नेमणूकपत्र, ठरावीक मुदतीच्या कामगाराला वर्षभरानंतर ग्रॅच्युइटी, गिग कामगाराला सामाजिक सुरक्षा असे त्यात लिहिले आहे. संप करणे अवघड आणि कामगार कमी करणे सोपे करणारी कलमेही त्यातच आहेत. पहिली कलमे कागदावर राहिली आणि दुसरी तेवढी अमलात आली, तर अविश्वास आणखी वाढेल. कंत्राटदार बुडाला तर पगाराची जबाबदारी मूळ मालकाची, हे तत्त्व जुनेच आहे. ते गेटवर पाळले जाते का, हे पाहायला कामगार खात्याला माणसे द्यावी लागतील.

नोकरदाराकडेही देणे आहे. ऑफर स्वीकारून न सांगता गायब होणे, काम अर्धवट टाकून जाणे, शिकाऊ मुलांना वाऱ्यावर सोडणे याला महामारीचा धडा म्हणता येत नाही. आशांनी हा फरक नीट सांभाळला. त्यांनी मागणी लावून धरली आणि गरोदर बाईला दवाखान्यात नेण्याचे कामही सोडले नाही. कामावरची श्रद्धा आणि मालकापुढे मान तुकवणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आपल्या समाजाने त्या फार काळ एकच मानल्या. त्या वेगळ्या झाल्या, हे या भीषण काळातून मिळालेले थोडके पण खरे धन आहे. ते टिकवायचे तर मालकाने आणि सरकारनेही आपली बाजू लेखी द्यायला हवी, सही-शिक्क्यासह, तारीख घालून.